बंदची खूण

मागाच्या खात्यात माणसं बोलत नाहीत, हे बाहेरच्याला सांगितलं तर त्याला वाटतं की शेठ बोलू देत नसेल. तसं काही नाही. बोलून उपयोग नसतो, एवढंच. गुजरातेत, उधन्यातल्या आमच्या खात्यात अठ्ठेचाळीस माग एका पत्र्याखाली चालायचे, आणि एकदा ते सुरू झाले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त आपला श्वास गरम लागायचा. म्हणून सगळे हातांनी बोलायचे. अंगठा ओठांकडे नेला की पाणी. दोन बोटांची कात्री केली की तार तुटली. कॉलर धरली की मास्तर येतोय, पोटावरून हात फिरवला की शेठ. आणि तळहात जमिनीकडे करून हवेत दोनदा खाली दाबला की माग बंद कर. ही शेवटची खूण सगळ्यांत मोठी. ती कोणी केली, का केली, हे विचारायचं नसतं. आधी माग बंद करायचा, मग बघायचं. माणूस खानदेशातून आलेला असो, मराठवाड्यातला असो की ओडिशाचा, पहिल्या दिवशी त्याला सगळ्यांत आधी हीच खूण शिकवायचे.

माझा उजवा हात लहानपणापासून तीच खूण करतो.

तळहात खाली, बोटं सैल, छातीसमोर, वर-खाली, वर-खाली. मी करतो असं म्हणता येत नाही आणि आपोआप होतं असंही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी आहे. आनंद झाला तरी होतं, घाबरलो तरी होतं, आणि काहीच झालं नाही तर जास्तच होतं. आता या वयात त्याला नाव मिळालंय. माझी मुलगी शिक्षिका आहे. तिने कुठल्याशा प्रशिक्षणात काहीतरी ऐकलं आणि घरी येऊन माझ्याकडे अशी बघत बसली की मी हातातला चहा खाली ठेवला. मग डॉक्टर, मग चार पानांचा कागद. त्यात एक प्रश्न होता, तुम्ही एकच हालचाल पुन्हा पुन्हा करता का. मी लिहिलं, हो, तुम्ही करत नाही का. डॉक्टरबाई हसल्या, आणि मग त्यांनी ऑटिझम हा शब्द नीट समजावून सांगितला. साठीला टेकलेल्या माणसाने असल्या शब्दाचं काय करावं? मी तो वहीत पान भरून लिहिला, एका ओळीत एकदा. बरं वाटलं. पण ज्या दिवसांची ही हकीकत आहे तेव्हा हा शब्द आमच्या घरात नव्हता. गल्लीत ‘येडपट’ होता, शाळेत ‘पंखा’ होता, आणि माय एवढंच म्हणायची, “मना पोऱ्याना हात बोलस.” माझ्या पोराचा हात बोलतो. काय बोलतो ते तिलाही माहीत नव्हतं, आणि तिने कधी ते विचारून माझं डोकं खाल्लं नाही.

आमची एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. मागची भिंत दुसऱ्या एका खात्याला लागून होती, त्यामुळे भिंतीवरची भांडी दिवसभर बारीक थरथरायची. पाहुणे आले की म्हणायचे, इथे झोप कशी लागते रे तुम्हाला. मला उलट खातं सुट्टीवर असलं की झोप लागायची नाही. मागाचा आवाज मोठा असतो, पण तो शब्दाला पक्का असतो. आत्ता येणार म्हणजे येणारच. कुकरची शिट्टी तशी नाही, ती दबा धरून बसते आणि अंगावर येते. कुकर लावला की मी ओट्यावर जाऊन बसायचो, आणि माय शिट्ट्या झाल्यावर दारातून हात हलवून आत बोलवायची. माझं खाणं एकच, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, त्यावर तेल आणि लाल चटणी. भाकरी कडेला फाटलेली चालायची नाही. हे मी नखरे म्हणून करत नव्हतो. फाटलेल्या कडेवर नजर अडकायची आणि घास तोंडापर्यंत जायचाच नाही. माय फाटलेल्या भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायची. शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी बाकीच्यांसाठी व्हायचं, आणि आबा म्हणजे माझे वडील दर वेळी म्हणायचे, “ह्या पोऱ्याले जगानी चवच माहीत नही.” मला चव माहीत होती. मला ती एकच पुरत होती.

आबा खात्यात सहा माग चालवायचे. मी विशीत आलो तेव्हा त्यांनी मास्तरच्या हातापाया पडून मला त्यांच्याच रांगेत दोन माग मिळवून दिले. मास्तर म्हणजे खात्याचा कारभारी, माग दुरुस्तही तोच करायचा आणि माणसंही तोच ठेवायचा-काढायचा. त्याआधी मी गावी चार महिने राहून आलो होतो. शिरपूरकडे आमचं घर आहे, तिथे काका होते. पोरगं शेतीत तरी रमेल म्हणून आबांनी धाडलं होतं. काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पाहुणे आले की तू गोठ्यात जाऊन बसायचं. पाहुणे बरेच यायचे. गुरांचं मला काही वावडं नव्हतं, पण चार महिन्यांनी परत आलो तेव्हा मायने नाव घेऊन हाक मारली आणि मला ओ देता येईना. जीभ जड झाली होती. दोन आठवडे तशीच गेली. हे मी इथे मुद्दाम लिहितो, म्हणजे पुढे गाव हा शब्द आला की मला काय व्हायचं ते कळेल.

खात्यात मला आवडायचं. आवडायचं हा शब्द तोकडा पडतो. अठ्ठेचाळीस माग, प्रत्येकाचा ठोका वेगळा, आणि त्यांच्यामध्ये उभं राहिलं की माझ्या आतलं सगळं जागच्या जागी बसायचं. कोणी गप्पा मारायला लावत नव्हतं, डोळ्यांत बघ म्हणत नव्हतं. बोलायचं ते हातांनी, आणि तेही कामापुरतं. मला वाटलं, ही जागा माझ्यासाठीच केली आहे. माझा हात मागाच्या ठोक्यावर वर-खाली व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी समोरच्या रांगेतल्या भिका आप्पांनी मान वर करून बघितलं आणि त्यांचे सहाच्या सहा माग बंद केले. त्यांना थांबलेलं बघून त्यांच्या पलीकडच्याने केले. मिनिटभरात अर्धं खातं गप्प झालं आणि सगळे माझ्याकडे बघत उभे. माझा हात चालूच होता.

माग चालता चालता थांबला आणि पुन्हा सुरू केला की कापडावर एक आडवी रेघ उमटते. कोऱ्या कापडात ती सहज दिसत नाही. तेच कापड पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगून आलं की रेघ उठून दिसते आणि अख्खा ताका, म्हणजे कापडाचा पूर्ण तागा, खराब मालात जातो. त्या दिवशी पंचवीसेक ताक्यांवर रेघा पडल्या. मास्तर गुजराती माणूस, शिव्या देत नसे, पण त्याचं एक वाक्य होतं. “आ नहीं चाले,” तो म्हणाला, हे चालणार नाही. आबांनी माझ्या वतीने कान पकडले. घरी आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत, मायशी बोलले. “त्याले सांग, हात आवर. नही तर मनं तोंड दाखवाले जागा नही.”

मी आवरला. महिनाभर आवरला. उजव्या मुठीत चिंध्या घट्ट धरून ठेवायच्या आणि डाव्या हाताने काम करायचं. लोक मला आजही सांगतात, मन घट्ट केलं तर सगळं होतं. अगदी होतं. माझा हात थांबला. पण हात थांबवायला अख्खा मी लागत होतो, कापडाकडे बघायला कोणी उरत नव्हतं. तुटलेल्या तारा दिसेनात. दात इतके आवळले जायचे की जेवताना जबडा उघडेना. न फाटलेली भाकरीसुद्धा परत जायला लागली. एके दिवशी घरी मायच्या हातून ताट पडलं आणि मी मोरीत जाऊन कान दाबून बसलो ते तासभर बाहेर आलो नाही. वीस वर्षांचा घोडा मोरीत बसून रडतोय, हे ओट्यावरून शेजारणीही बघत होत्या. मला त्याची लाज वाटली नाही. मला राग आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

तोडगा भिका आप्पांनी काढला. आप्पा आमच्याच तालुक्यातले, खात्यात सगळ्यांत जुने, तोंडात कायम सुपारी. चहाला सगळे बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, “एवढं काय त्यात? रघाचा हात सगळ्यांना माहीत झालाय आता. त्या कोपऱ्यातून तळहात हलला की समजायचं रघा आहे, बघायचंच नाही तिकडे.” सगळे हसले, मास्तरनेही मान हलवली. मी चिंध्या टाकून दिल्या. दोन आठवड्यांत माझ्या दोन मागांचं कापड खात्यातल्या कोणाही इतकं साफ निघायला लागलं आणि मी पुन्हा जेवायला लागलो. तरी मला त्या तोडग्यात काहीतरी खटकत होतं. मी आबांना एकदा विचारलंही, त्या कोपऱ्यात तुम्हीपण असता, तुम्ही हात केला तर? आबा म्हणाले, “तू तुनं काम कर.”

मग ते झालं. सकाळची पाळी, नुकतेच माग सुरू झालेले. आबांच्या शर्टाची डावी बाही सूत गुंडाळलेल्या बीमच्या बाजूच्या चक्रात गेली. चक्र हळू फिरतं, पण सोडत नाही. आबांचा हात आपल्या बंदच्या बटणापर्यंत पोचेना. त्यांनी समोर आप्पांकडे बघून उजव्या हाताने खूण केली, तळहात खाली, दोनदा. पुन्हा केली. आप्पांनी बघितलं, हसले आणि आपल्या सुताच्या कांड्या बदलत राहिले. अंगकाठी आमची सारखी, गळ्यात गमछा सारखा, हवेत कापसाचा धुरळा. मी पाठमोरा होतो. आबांनी शेवटी अंगाचा जोर लावून बाही फाडली, पण तोवर कोपराखालची कातडी दोन बोटं रुंद सोलून निघाली होती आणि मनगट सुजलं होतं. आप्पा धावत आले, त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. “मले वाटनं तुना पोऱ्या शे,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटलं तुझा पोरगा आहे. जगात दुसऱ्या कुठल्या जागी अशी चूक झाली असती? माणूस जिवाच्या आकांताने हात करतोय आणि समोरचा जुना मित्र लाडाने हसतोय.

मास्तरने या वेळी त्याचं नेहमीचं वाक्यसुद्धा म्हटलं नाही. आबांच्या हाताला पट्टी बांधून झाल्यावर तो म्हणाला, सुट्टीच्या दिवसापर्यंत पोराला ठेवतो, मग नाही. दुसऱ्या खात्यात घालायचं म्हटलं तरी खूण सगळीकडे तीच, आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत उधनाभर झालेली. आबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, गावी पाठवतो. मी दिवस मोजले. सुट्टीला सहा दिवस होते.

मला एक गोष्ट त्या रात्रीपर्यंत स्पष्ट दिसायला लागली होती आणि ती इतरांना का दिसत नाही हेच मला कळत नव्हतं. माझा हात बदलत नाही, हे महिनाभर करून बघितलं. लोकांनी बघायचं सोडलं, तर माणूस मरेल. मग राहिली खूण. खूण काही कोणाच्या अंगाला जन्मतः चिकटून आलेली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी पहिल्या कारागिरासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “माझा हात थांबत नाही. खूण बदलू या.” त्याला वाटलं थट्टा आहे. मी दुसऱ्याकडे गेलो, तेच म्हणालो. खात्यात माझ्याखेरीज पाळीला नऊ माणसं, त्यांतले आबा घरी. आठ जणांना आठ वेळा, त्याच शब्दांत. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला एक वाक्य शंभर वेळा म्हणायला काही त्रास होत नाही, ऐकणाऱ्याला होतो. ओडिशाच्या कारागिराला मराठी कळत नव्हतं, तर त्याला मी हिंदीत म्हणालो, तेही रोज तसंच. लोक मला बघून कपबशी घेऊन वाट बदलायला लागले. आप्पा म्हणाले, “आज मी कितवा?” मी म्हणालो, “पाचवे. माझा हात थांबत नाही. खूण बदलू या.”

तेव्हा आप्पांनी पहिल्यांदा नीट विचारलं, बदलून करायची काय? मी तयारी करूनच होतो. दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी ठेवून दाखवली. आप्पांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “शहाणा आहेस. तुझ्या बापाचा एक हात चक्रात होता. तो दुसरं मनगट कुठून आणणार होता?” बरोबर होतं. मला इतका आनंद झाला की हात जोरात सुरू झाला, कारण चूक दाखवली म्हणजे माणूस विचार करतोय. घरी येऊन मी आरशासमोर उभा राहिलो. एका हाताने होईल अशी खूण पाहिजे, आणि माझा हात कधीच आपणहून करत नाही अशी पाहिजे. मायला म्हटलं, तू बघत राहा, माझा हात कुठे कुठे जातो ते सांग. ती भाकरी थापता थापता सांगत होती. छातीशी. मांडीवर. कानाशी. गालाशी. अंधार पडेपर्यंत तेवढ्याच जागा आल्या. डोक्यावर हात एकदाही गेला नाही. मी मूठ करून डोक्यावर ठेवली. मागांच्या वर, लांबूनही दिसेल.

आबा खाटेवर पट्टीचा हात मांडीवर घेऊन हे सगळं बघत होते. ते म्हणाले, “येडा व्हयेल शे का तू? वीस-वीस वरीस ज्या हाताने माग थांबाडा, तो हात लोकेस्नी तुन्हासाठी बदलाना?” मी म्हणालो हो. ते मायकडे वळून म्हणाले, कपडे बांध त्याचे. माय उठली नाही. तिला सगळं जोरात बोलावं लागायचं, कारण पंधरा वर्षं मागांत उभं राहून आबांचे कान निम्मे गेले होते. खात्यातल्या सगळ्यांचेच जातात. ती त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, “तुम्हले ऐकू येत नही, म्हणीसन आम्ही जोरमा बोलतस. तुम्हले कोणी गावले धाडं का?”

आबांनी पट्टीचा हात दुसऱ्या मांडीवर घेतला. त्यांना ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. मायने ताटं वाढली, आम्ही जेवलो, कपडे तसेच दोरीवर राहिले. आबांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मी कधी विचारलं नाही. मला लोकांच्या मनातलं चेहऱ्यावरून कळत नाही, विचारावंच लागतं, आणि या एका बाबतीत मी विचारायला चुकलो. आता ते नाहीत. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं हे मी कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

सुट्टीच्या आदल्या सकाळी आबा पट्टी बांधलेल्या हाताने माझ्यासोबत खात्यावर आले. माग सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी माझ्या सवयीने पहिल्या कारागिराकडे निघालो तर आबांनी मला दंडाला धरून थांबवलं, आणि स्वतः पुढे होऊन दोन रांगांच्या मध्ये उभे राहिले. आबा पुढे होणारा माणूस नव्हता. मास्तरसमोर त्यांचा आवाज नेहमी खाली जायचा. त्यांनी उजवी मूठ डोक्यावर ठेवली आणि नुसते तसेच उभे राहिले. सगळे बघायला लागले. मास्तर आला आणि म्हणाला, तुम्हाला काय झालं? आबा म्हणाले, आजपासून बंदची खूण ही. मास्तरने माझ्याकडे बोट केलं. याच्यासाठी?

“हात त्याना शे,” आबा म्हणाले. “खूण आपली शे. आपली बदलू.”

भिका आप्पांनी सुपारी थुंकली आणि मूठ डोक्यावर ठेवली. मग बाकीच्यांनी. काही जण आबांची लाज राखायला म्हणून, आणि एक-दोघं नक्कीच माझं वाक्य पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून. ओडिशाच्या कारागिराने सगळ्यांत शेवटी ठेवली, त्याला आधी नीट समजून घ्यायचं होतं, आणि ते मला फार पटलं. मास्तर सगळ्यांकडे बघत राहिला. “मारे शुं?” तो म्हणाला, माझं काय जातंय, कापड बिघडलं नाही म्हणजे झालं. आणि तो बटणांकडे गेला.

माग एकेक करून सुरू झाले. मी माझ्या दोन मागांच्या मध्ये उभा राहिलो. अपघातानंतर मी उजव्या मुठीत पुन्हा चिंधी धरायला लागलो होतो, ती मी खाली टाकली. हात छातीसमोर आला आणि चालायला लागला, वर-खाली, वर-खाली, सगळ्यांना दिसेल असा. समोरून आप्पांनी मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. बघून झाल्यावर ते आपल्या कामाला लागले. एकही माग थांबला नाही.